सहा फ्रेम

लोनबलेंच्या सायकल दुकानात, मागच्या खोलीत,
एक टीव्ही होता, उजव्या कोपऱ्यात हिरवा पडलेला.
रुपयाला दहा मिनिटं.
पंक्चरच्या सोल्युशनचा वास अजून कुठे आला
की माझा अंगठा आपोआप हलतो.

मुली येत नसत तिथे. मी जायचे,
कारण बाबांची सायकल सारखी पंक्चर व्हायची.
का व्हायची, हे आता सांगायला हरकत नाही:
सिंदेवाहीच्या वाटेवर बाभळीचे काटे फुकट मिळतात.

कॅसेटवर छापलं होतं, नऊशे नव्व्याण्णव खेळ.
होते सातच.
त्यातला चौथा माझा:
पिवळ्या बंडीतला एक बुटका, बिननावाचा,
आम्ही त्याला झिंगरू म्हणायचो,
दऱ्या ओलांडत कुठेतरी निघालेला.
कुठे, ते कळलंच नाही.
सातव्या दरीशी लाइन जायची.
सेव्ह वगैरे काही नव्हतं तेव्हा;
लाइन आली की झिंगरू पुन्हा पहिल्या झाडाखाली,
जसं काही आपली ओळखच नाही.

दहा मिनिटं झाली की लोनबले म्हणायचे,
"झालं वो बाई तुह्यं."
पण झिंगरू हवेत असला, उडीच्या मधोमध,
तर ते ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात बुडवून
बुडबुडे शोधत बसायचे थोडा वेळ,
छिद्र सापडलेलं असलं तरी.

एकदा नाकतोडे काका आले हवा भरायला.
मंडईतल्या नाटकांचे पडदे रंगवायचे ते,
नखांत कायम गेरू.
पंप हातात धरून बघत राहिले, मग म्हणाले,
"वरचा ढग अन् खालचं झुडूप, ठसा एकच हाय.
रंग बदलला निस्ता.
हुशार हाय पोट्टा. कोनं केलं हे?"

कोनं केलं?
मला तोवर वाटायचं, खेळ उगवतात,
वारुळावरच्या सात्यांसारखे,
एका रात्रीत, कुणी न पेरता.
त्या दिवशी मी हरले पहिल्याच दरीत,
ढगांकडे बघता बघता.

आता मी करते.
दिवसा ग्रामपंचायतीत दाखले टाइप करते,
रात्री त्याच बोटांनी
एक बाई चालवते धुऱ्याधुऱ्यानं,
रोवणा आटोपून घरी निघालेली.
मधे बोड्या, फुटलेले बांध, अंधार पडत चाललेला.
शत्रू नाही एकही. वाघ दिसत नाही.
फक्त रातकिडे थांबतात.

पहिल्यांदा केला तेव्हा काटेकोर केला:
धुरा संपला म्हणजे संपला.
जो खेळला तो बोडीत पडला
आणि प्रत्येकानं शपथ घेतली, बटन दाबलं होतं मी!
मला वाटलं, थापा.

मग ती जुनी कॅसेट आतून उघडून पाहिली,
नुसते आकडे, आकड्यांच्या ओळी,
तीन रात्री गेल्या, आणि एका ओळीत सापडलं:
कडा संपल्यावरही सहा फ्रेम,
म्हणजे सेकंदाचा दहावा भाग,
पायाखाली काही नसताना
उडी मान्य.

म्हणजे अख्ख्या गावात मी पक्की म्हणून मिरवले
ते यावर.
कुठल्या शहरात, कुठल्या खोलीत बसून
एका माणसानं, जो मला ओळखत नव्हता,
ज्याला माझं गाव नकाशातही सापडलं नसतं,
माझ्या पायाखाली मूठभर माती टाकून ठेवली होती
आणि कुणाला सांगितलं नव्हतं.

मी चार टाकून पाहिले. आठ टाकून पाहिले.
आठला ती बाई भूत वाटते.

काल भावाचा यथार्थ खेळत होता,
जीभ दातांत, मान वाकडी.
शेवटचा बांध. तिचा पाय
धुऱ्याच्या चांगला दोन बोटं बाहेर,
तेव्हा कुठे त्यानं बटन दाबलं.
ती गेली पलीकडे.

"आत्या, पाह्यलं? एकदम कडेवरून मारली!
मी किती पक्का हावो!"

"पाह्यलं ना," म्हटलं,
आणि कप उचलून
त्यात चहा शोधत बसले थोडा वेळ.