नऊ

सेहेचाळिसाव्या वर्षी गळ्यात पुन्हा ओळखपत्र.
फोटोत मी अशी दिसते, जणू
मुलाची फी भरायला आले आणि रांग चुकले.

नव्याचे नऊ दिवस बाल्टिमोरने मला दिले:
दारापुढच्या पांढऱ्या संगमरवरी पायऱ्या,
रात्री दोनपर्यंत उघडं वाचनालय,
पाव मात्र कापसाचा, तंदुराची राख कधी न पाहिलेला.
शेजारच्या टेबलावर एनुगूचा चिडोझी,
तोही वीस वर्षं व्यसनमुक्तीच्या दवाखान्यात घालवून आलेला,
चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारा.

दहाव्या दिवशी डॉक्टर व्हिटकोमनी माझा तक्ता उघडला.
ओश शहरातला आमचा दवाखाना. दोनशे बारा माणसं,
सकाळी सात ते दहा, प्लास्टिकच्या पेल्यात मेथाडोन,
वर घोटभर पाणी, मग तोंड उघडून दाखवायचं.
एकसष्ट जणांचे रकाने रिकामे.
"हे येईनासे झालेले," त्या म्हणाल्या, "यांना नऊ द्या.
नऊ म्हणजे माहिती नाही.
सॉफ्टवेअर मग त्यांना वगळून पुढे जातं."

मी नऊ द्यायला बसले.

कुबात. माहिती नाही?
तो येकातेरिनबुर्गला अकराव्या मजल्यावर गिलावा करतो.
तिथे हे औषध मिळत नाही, म्हणून जाण्याआधी
माझ्यासमोर बसून विचारत होता,
थरथर किती दिवस टिकते, आणि थापी धरता येते का.
नऊ.
रावशानला पोलिसांनी आमच्याच फाटकात धरलं,
हातात रिकामा पेला. नऊ.
ल्युदमिला रशियन कबरस्तानात, कुंपणालगत तिसरी.
क्रॉसला निळा रंग मीच दिला,
दोन दिवस बोटांचा निघत नव्हता.
नऊ.
एर्मेकने लग्न केलं. बायकोला काही ठाऊक नाही.
बाजारात समोर आला की मी टरबुजांकडे बघते,
तोही टरबुजांकडे बघतो,
दोघंही टरबूज ठोकून पाहतो, न घेता निघतो.
हे कुठल्या आकड्यात बसवायचं?

बुधवारी तुरुंगासमोर व्हॅन उभी राहते.
मी जाते, नुसती बघायला;
फेलोने औषधाला हात लावायचा नाही, असा नियम.
सत्तरीतला लिओटिस पेला संपवतो
आणि कोणी न सांगता जीभ वर करून दाखवतो.
क्षणभर मी ओशमध्येच होते.
त्याने माझं ओळखपत्र वाचलं, अक्षर अक्षर जुळवत.
"बुरुलकान. मग तिकडे तुझी माणसं कोण सांभाळतं?"
तुर्सुनाय, मी म्हणाले. आमची नर्स.
"आणि तिला?"

त्या रात्री, म्हणजे तिच्या सकाळी, तुर्सुनायचा फोन.
मागे नळ चालू, कोणीतरी खोकतंय.
"तुमची खुर्ची हलवली नाही मी.
पण म्हातारा सादिक रोज विचारतो,
डॉक्टरपण आमच्यासारखी पळाली का?
मी सांगते, शिकायला गेल्यात. तो हसतो.
म्हणतो, मीसुद्धा बायकोला हेच सांगायचो."
मग जरा थांबून,
"आणि हजेरीच्या वहीत तुमच्यापुढे काय लिहू?
दहा महिन्यांच्या रजेला तिथे चौकटच नाही."

"नऊ लिही."

"म्हणजे काय?" तिने विचारलं,
आणि तेवढ्यात कोणीतरी खिडकीवर टकटक केली,
सात वाजले होते, ती गेली.

मी तक्ता पुन्हा उघडला,
उजवीकडे एक रकाना वाढवला.
त्याला नाव अजून सुचलेलं नाही.
व्हिटकोम उद्या विचारतील, विचारू देत.
एर्मेकच्या ओळीत लिहिलं: टरबूज.