साखरेचा नकाशा

नेमगोंडांची म्हैस गेली मंगळवारी.
पोटफुगी, म्हणाले डॉक्टर,
आणि तिच्या मानेतली एक गाठ
बर्फाच्या डब्यातून माझ्याकडे आली,
विद्यापीठात, मोर फिरतात त्या मागच्या वाटेनं.

पात्याखाली गाठ इतकी पातळ होते
की तिच्यातून वर्तमानपत्र वाचावं.
काचेवर ती सायीसारखी बसते.
मग विचारायचं :
तुझ्या कुठल्या पेशीवर कुठली साखर?

विचारणारे सगळे स्वयंपाकघरातले.
गहू, अबई, फणसाची आठळी, शेंगदाणा,
त्यांच्यातून काढलेली प्रथिनं,
प्रत्येकाची जीभ ठरलेली.
अबईला मॅनोज लागतं.
शेंगदाणा गॅलॅक्टोजपाशी अडून बसतो.
टोमॅटो थेट रक्तवाहिन्यांना बिलगतो
आणि अंधाऱ्या खोलीत
त्या हिरव्या उजळतात,
रात्री टेंबलाईवरून दिसावं तसं
सगळं कोल्हापूर, गल्लीसकट.

बाबा वडणग्याचे गुळवे.
काहिलीतला रस बोटावर घेऊन
पाण्यात टाकतात,
गोळी कशी वाजते त्यावरून आदण उतरवतात.
ढेप फोडून सांगतात, हा नदीकाठचा ऊस, हा माळाचा.
चाळीस वर्षांत एकदाही लिहून ठेवलं नाही.
मी लिहिते. गाठीचा कोपरा, रांग, खूण, रंग.
एका वाहिनीपाशी नुसतं : काहीच लागलं नाही.
असे कोरे तुकडे बरेच आहेत.

काल डबा द्यायला आले, तर म्हटलं, बघा.
टोपी काढून वाकले.
डोळा लावायला त्यांना वेळ लागला.
“ही एक भिंतीत अडकलीया, अर्धी आत, अर्धी भायेर.”
पांढरी पेशी, म्हटलं. पहारेकरी.
रक्तातून धावत येते, भिंतीवरची साखर हाताला लागते,
घसटत घसटत मंदावते, थांबते,
मग सांदीतून पलीकडं, जिथं दुखतंय तिथं.
“आन् साखर नसली तर?”
तर समोरून वाहून जाते.

ते पुष्कळ वेळ बघत राहिले.
बाहेर कुणीतरी जिन्यात हाका मारत होतं.

नेमगोंडांचा फोन येणार आहे,
काय गावलं का, विचारतील.
म्हैस कशानं गेली ते ह्या नकाशात नाही.
ते कसं सांगायचं, अजून ठरत नाही.

“ह्यो रंग उतरतो का गं?”
उतरतो. उजेडात.
“मग झाक की,” म्हणाले,
आणि स्वतःच बाजूला झाले.