दोन शिंगांची रेषा

नाझनीन मुल्ला दार न वाजवता आत आली,
लॅपटॉप उघडाच, तळहातावर ताटासारखा.
"मॅडम, तुमचा सत्त्याण्णवचा आकडा
जुळत नाहीये."

गणेशखिंडीतली दुपार. खिडकीखाली
बुचाची फुलं कालपासून कोणी झाडली नव्हती.
मी म्हटलं, बस. आधी चहा सांगते.

ताऱ्याला नाव नाही, यादीतला क्रमांक आहे.
म्हातारा, तांबडा, इतका फुगलेला
की पृथ्वीची कक्षा पोटात मावावी.
आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणतात.
याच्या आडात काजळी.
गाभ्यातली राख उपसली जाते, वर येते,
आणि एकदा, शंभर-दोनशे वर्षं
(पेशवाईच्या जरा पुढेमागे)
त्यानं ती भराभर बाहेर टाकली.
मग थांबला.

टाकलेलं थांबलं नाही.
सेकंदाला पंधरा किलोमीटर.
स्वारगेटहून खडकवासला, एका सेकंदात;
पीएमटीला सव्वा तास, तोही बस आलीच तर.
सगळ्या दिशांना एकदमच, पातळ होत होत.
मध्ये तारा, मग पुष्कळ अंतर काहीच नाही,
मग ते कवच.

आलेखात त्याची दोन शिंगं दिसतात:
एक आपल्याकडे येणाऱ्या वायूचं,
एक पाठ फिरवून निघालेल्याचं.
पोळ्याला हिंगूळ लावतात
तशी मी ती तांबड्या पेन्सिलीनं गिरवली होती,
आलेखाच्या कागदावर, चौकोन मोजून,
कारण संगणकाचा नंबर रात्री अकरानंतर लागायचा.
कवचाचं वजन काढलं. छापून आलं.
घरी फोन केला, आकडा छापून आला म्हणून.
आई म्हणाली, मटक्याचा?

नाझनीननं अंतर नव्यानं काढलंय.
तारा आम्हाला वाटला त्याच्या
पावणेदोन पट लांब.
"वर्ग करा, मॅडम."
केला, मनातच. तीन आणि वर थोडं.
कवच तिप्पट जड.

म्हणजे अठ्ठावीस वर्षं तो आकडा चालतोच आहे.
कुणाच्या प्रबंधात, कुणाच्या तक्त्यात,
कुण्या जपानी मुलाच्या तळटीपेत,
घारपुरे, स्वल्पविराम, १९९७, पुढे.
मी कधीच उठले होते त्या विषयावरून;
समित्या, खरेदी, वसतिगृहाच्या पाण्याची टाकी.
तो मात्र माझ्याविना जातच राहिला.

"रागावलात?"
"नाही," म्हटलं.
रागावले होते थोडी. चुकीसाठी नाही,
तिनं ती इतक्या हळू आवाजात सांगितली म्हणून,
दवाखान्याच्या पायरीवर सांगतात तशी.

खालच्या खणातून जुनी फाईल काढली.
कागद पिवळा, शिंगं अजून तांबडी.
शिसपेन्सिल म्हणतो आपण; शिसं नसतंच तिच्यात,
कार्बन असतो,
कुठल्या तरी म्हाताऱ्यानं कधीतरी टाकलेला.
आकड्यावर एक आडवी रेघ मारली,
खालचं वाचता येईल अशी.
शेजारी तिचा लिहिला, तारीख घातली.

"त्रुटी किती धरलीस?"
"वीस टक्के."
"पस्तीस धर. तूही कधीतरी साठीला येशील."
ती हसली नाही. तिनं वहीत खरंच पस्तीस लिहिलं,
पुढे प्रश्नचिन्ह.

चहा केव्हाच येऊन गार झाला होता,
वर सायीचा पापुद्रा.
तिनं फुंकर घालून तो कडेला सारला
आणि प्यायली.