हजाराला साडेसात

उद्यमबागेतली भट्टी विझली
तेव्हा कळलं, आमची गल्ली किती बोलते.
शेजारी ईरण्णाचे दोन माग खटखटत होते,
आणि मी पगाराच्या जुन्या चिठ्ठ्या
सालवार लावत बसलो होतो.

अकरा वर्षं. दर चिठ्ठीत तीच बारीक ओळ,
हजाराला साडेसात कापलेले.
किती शिव्या घातल्या त्या ओळीला,
चहाचे पैसे खाते म्हणून.
जातात कुठं, हे मात्र विचारलं नाही.
गेले असतील काकतीच्या कुणा फिटरकडे,
हात चेपलेल्या पोराकडे,
बाळंतपणाच्या रजेवरच्या कुणा बाईकडे.
आज त्यांच्यातलंच कोणीतरी
मला न ओळखता
माझ्या ताटात वाढतंय.

फॉर्म कन्नडमधला.
ईरण्णानंच भरला, गोल गोल अक्षरात,
जणू चकल्या पाडतोय.
'काम का गेलं?'
म्हटलं, कास्टिंगला गिऱ्हाईक नाही.
पेन जरा थांबलं त्याचं,
मग एवढाच एक शब्द लिहिला.

नव्वद दिवस, निम्मा पगार.
सात हजार आले.
वाण्याची उधारी, पोरीची फी, गॅस.
चपातीला तेल लावायचं सोडलं,
पण चूल कुणाच्या दारात नेली नाही.

एकाहत्तराव्या दिवशी शेजारचे माग थांबले.
सावकारानं सूत द्यायचं बंद केलं.
आता मी कागद काढला, म्हटलं, सांग, भरतो.
चिठ्ठी? नाही.
नंबर? नाही.
मालक? सावकाराच्या वहीत
त्याचं नाव होतं खरं,
पण देणेकऱ्यांच्या पानावर.
माझ्या फॉर्मची रकान् रकाना पाठ असलेला माणूस
कुठल्याच रकान्यात बसेना.

रात्री हिशेब केला,
सात हजारांना हजारी साडेसात:
साडेबावन्न रुपये.
रुक्मानं डब्यातून मोजून दिले,
वर किलोभर जोंधळ्याचं पीठ,
'हे कापलेलं नाही,' म्हणाली, 'हे असंच.'

ईरण्णानं नाणी तळहातावर पसरली.
बराच वेळ बघत राहिला.
हसेल वाटलं. हसला नाही.
कानामागचं पेन काढलं,
माझ्याकडे न बघता विचारलं,
'सही एल्ली माडली?'

कुठं करायची सही,
ते मलाही कुठं ठाऊक होतं.