टवका

नोकरी वर बघायची.
फांदी टेकली का तारेला,
चिनीमातीचा कप फुटला का,
धानाच्या बांदीत खांब कलला का.
मी अठ्ठावीस वर्षं खाली बघत आलो.

मुरपारहून गारडोहाकडे अकरा हजाराची लाईन जाते
उमा नदीच्या काठाकाठाने.
तिच्याखाली मुरमाचा एक उंचवटा,
तीळही धड होत नाही तिथे.
पण दगड असे पडलेले
की वाटावं, बसलेला माणूस
आत्ताच उठून गेला पाणी प्यायला.

आधी मलाही कळत नव्हतं.
मग एका खांबाच्या खड्ड्यातून
नखाएवढं लाल पातं निघालं,
कडेला बारीक दातरे,
खिशात टाकलं तर संध्याकाळी खिसाच नव्हता.

तेव्हापासून धान कापून झाला की
सायकल धुऱ्याला टेकवतो आणि थांबतो.
दुपारच्या उन्हात सगळेच दगड खोटं बोलतात.
साडेचारला ऊन आडवं होतं,
एकेकाची धार सावली टाकू लागते.
फुटलेला दगड वेगळा, फोडलेला वेगळा.
फोडलेल्याला घावापाशी एक टेंगूळ असतं,
अंगठा ते डोळ्याआधी ओळखतो.

घरी एकशे बारा आगपेट्या आहेत.
प्रत्येकीवर खांबाचा नंबर, दिशा, पावलं.
बायको म्हणते, भंगारवालाही नाही म्हणाला.
जिल्ह्याच्या कॉलेजातले एक सर येऊन गेले,
चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, दहा हजार वर्षं,
कमी-जास्त.
कमी-जास्त म्हणजे किती जी?
दोन-तीन हजार, म्हणाले,
आणि चहात बिस्किट बुडवलं.

आगपेटीत न मावणारा एकच.
मुठीएवढा, मधाच्या रंगाचा गाभा,
अर्धवट सोललेल्या शिंगाड्यासारखा.
सात टवके काढलेत त्याचे, मी मोजलेत.
सातव्याच्या जागेवरून एक पांढरी शीर जाते
आणि कडेला येऊन अचानक तुटते.
नऊ वर्षं मी त्या शिरेचा पुढचा भाग शोधत होतो.

बिरजाबाई सिडाम त्याच उंचवट्यावर बकऱ्या चारते.
नजर तिची माझ्याहून पोचलेली.
वाकत नाही, पायाच्या अंगठ्यानेच दाखवते,
"हा तुमच्या कामाचा हाय का जी?"
बहुतेक वेळा असतो.

या माघात, सत्तेचाळीस नंबरच्या खांबाखाली,
तिची कानफाटी बकरी व्याली.
बिरजाबाईने पदराचा दोरा काढून नाळ बांधली,
कमरेचा बटवा सोडला,
आणि त्यातून काढलं मधाच्या रंगाचं काहीतरी.
एकदाच फिरवलं.
पाठ थरथरत उभी राहिली.
मी तारेवरची फांदी तोडायला आलो होतो,
कोयता हातातच राहिला.

दुसऱ्या दिवशी गाभा फडक्यात बांधून नेला.
तिने टवका पदराला पुसून दिला.
टेकवला.
टक्.
मध्ये केसही गेला नसता.
पांढरी शीर इकडून तिकडे सरळ गेली,
जशी कधी तुटलीच नव्हती.

बिरजाबाई हसली. "बसला ना बाप्पा!"
मग हात पुढे केला.

मी म्हटलं, मला द्या. नवी पाती देतो, पाकीटभर.
"पाती गंजते जी."
शंभर देतो. दोनशे देतो.
ती बकऱ्यांकडे बघत राहिली.
"आजून तीन गाभण हायेत," म्हणाली.

दिला परत.
गाभ्यावर पुन्हा ती खाच उघडी पडली,
आता मात्र मला तिचा आकार पाठ आहे.

मार्च संपताना माझी नोकरी संपते.
त्याआधी एक आगपेटी रिकामी केली,
काड्या चुलीजवळच्या डब्यात ओतल्या,
आणि वर बॉलपेनने लिहिलं:
खांब ४७. पूर्वेला बारा पावलं. टवका, सातवा.
कामावर हजर.