पांघरूण

मे संपत आला की साल सुटते.
पंधरा दिवस, फार तर वीस. मग झाड पुन्हा मिटतं.
म्हणून विनिफ्रेड मावशीच्या फ्रिजवर भरतीचं वेळापत्रक,
म्हणून आम्ही पहाटे चारला होडीत:
थर्मास, एक छोटी कुऱ्हाड, आणि तिचा गुडघा,
जो हवामान खात्याच्या आधी बोलतो.

चिचागॉफ बेटाचा पश्चिम काठ.
लांबून वाटलं, उतारावर धुकं अडकलंय.
जवळ गेलो. धुकं नव्हतं.
पिवळे देवदार होते, करडे पडलेले,
मांडव उतरवल्यावर उरलेल्या
मेढींसारखे.

मी वनखात्यासाठी झाडं मोजतो.
माझ्या वहीत दोनच रकाने:
जिवंत आहे.
उभं आहे.
कारण हे लाकूड मेल्यावरही पडत नाही,
ऐंशी वर्षं, कधी शंभर;
आतलं तेल बुरशीला हात लावू देत नाही.
मेलेला माणूस इतका काळ दारात उभा राहिला असता
तर कुणीतरी विचारलं असतंच,
बाबा, काय झालं?

मावशी विचारते. मलाच.
कचेरीत हे मी वीस मिनिटांत सांगतो, आलेखांसकट.
इथे जीभ अडखळते,
उत्तर मलाच खोटं वाटतं:
हिवाळा उबदार झाला, मावशी,
म्हणून ही गारठून मेली.

ती हसत नाही.
मी बोलत राहतो. मुळं उथळ असतात,
ओल्या मातीत जेमतेम वीतभर खाली.
पूर्वी बर्फ एप्रिलपर्यंत हलायचा नाही,
त्याच्याखाली ती निजायची.
आता बर्फाच्या जागी पाऊस.
मार्चात चार दिवस ऊन पडतं, झाड फसतं, जागं होतं,
आणि पाचव्या रात्री आभाळ निवळून
थंडी उतरते ती थेट उघड्या मातीवर.
वर पान हिरवंच असतं तेव्हा.
पानाला कळायला एक उन्हाळा लागतो. कधी दोन.

"म्हणजे पांघरूण ओढून घेतलं," मावशी म्हणते.
आणि चढायला लागते.

तिच्या खिडकीपाशी मागावर एक पांघरूण आहे,
नाचताना खांद्यावर घ्यायचं,
रानबकऱ्याची लोकर आणि या सालीचा धागा
मांडीवर वळून केलेलं.
तीन वर्षं झाली. ते तिचं शेवटचं, हे तिला ठाऊक आहे.
आज आम्ही आलोय ती साल पुढच्यासाठी,
जे विणणारे हात अजून ठरलेले नाहीत.

तासाभराने एक हिरवं सापडलं.
मावशी त्याच्याशी बोलली, आमच्या भाषेत,
मला निम्मं कळलं.
तोवर मी बुंध्याशी नखाएवढं खरवडून पाहिलं होतं.
खाली तपकिरी डाग, मुळाकडून वर चढत चाललेला.

"मावशी, हे जाणारच आहे," मी म्हणालो.
"सगळी काढून घेऊ. चारी बाजूंनी."

तिने कुऱ्हाड खाली ठेवली.
"तुझा मामा सहा महिने अंथरुणाला होता.
त्याचे बूट आपण कधी वाटले?"

मग तिने खोडावर दोन तळहात शेजारी शेजारी टेकवले,
तेवढीच रुंदी मोजली,
खाली आडवी खाच दिली, आणि आम्ही दोघं
मागे मागे सरकत ओढत राहिलो.
साल वर वर फाटत गेली, निमुळती होत,
शेंड्याजवळ कुठेतरी आपणहून सुटली.
हाताला कच्च्या बटाट्याचा वास.

वही उघडली. त्या झाडापुढे
काही लिहिता आलं नाही.
पेन ओलं होतं, असं मी पुढे अहवालात म्हटलंय.

परतताना पाऊस लागला.
मावशीने सालीची गुंडाळी मांडीवर घेतली,
अंगातला रेनकोट काढला
आणि तिच्यावर घातला, कडा खोचून.

मी विचारलं, गुडघा दुखतोय का?
म्हणाली, चालव.