इथे कधीच पोचणार नाही

तोर्निओत मार्च संपत आला तरी
नदी पाठीवर माणसं वागवते, स्लेज, कुत्री.
पुलाच्या तिसऱ्या खांबाला एक राखाडी डबा आहे,
पावाच्या डब्याएवढा.
दर दहा मिनिटांनी तो पाणी मोजतो
आणि आकडा आमच्या प्रोग्रामकडे देतो.
मी आणि ताइस्तोनं लिहिलेला प्रोग्राम,
कुणीही घ्यावा, फुकट.
ज्यांनी घेतला त्यातले बहुतेक
काही बिघडल्याशिवाय पत्र लिहीत नाहीत.

काल रात्री त्याच्यावर तपासनीस बसवला.
हा काही चालवून बघत नाही. नुसता वाचतो.
प्रत्येक 'जर'पाशी थांबतो
आणि दोन्हीकडे जातो,
आम्ही घाईत एकदाच गेलो तिकडे,
आणि कुणीच गेलं नाही तिकडेही.

सकाळी यादी तयार. एक हजार चारशे बारा इशारे.
पहिला : हे नाव ठेवलंत, पुढे वापरलंच नाहीत.
दुसरा तोच.
तिसरा तोच, दुसऱ्या फाइलीत.
साप साप म्हणून भुई धोपटणारा कारकून मेला,
मी मोठ्यानं म्हणाले.
कुत्रीनं एक डोळा उघडला.

तरी निवडायला बसले.
आई रानातली लाल फळं
ओल्या फळीवरून घरंगळत सोडायची,
फळं खाली टोपलीत, पानं फळीला चिकटून.
इथे उलटं. सगळी पानंच,
आणि फळ असलंच तर त्यांच्याखाली कुठेतरी.

मोन्तेविदेओहून अनाई रोज एक दुरुस्ती पाठवते,
कामावर जायच्या आधी, बसथांब्यावरून.
गोठलेली नदी तिनं पाहिलेली नाही.
तिचंच पत्र आलं :
नऊशे सत्तरावा बघाल का? मला तो खोटा वाटत नाही.

नऊशे सत्तर. ओळ दोनशे अठरा.
पत्ता आहे, त्या पत्त्यावर कुणी राहत नाही,
आणि तुम्ही सरळ दार ढकलून आत शिरता आहात.
खाली सात पायऱ्या, एकेक करून लिहिलेल्या :
सेन्सर गप्प राहिला,
मग दुसऱ्यांदा विचारलं, मग तोही गप्प,
मग...
आणि सातव्या पायरीवर, ओळीच्या डोक्यावर,
ताइस्तोची टीप :
इथे कधीच पोचणार नाही

पूर्णविराम नाही. त्याला जाळी टाकायला जायचं होतं.
मी शेजारीच होते, हातात राईचा पाव.
वाचलं, मान डोलावली,
तुकडे टेबलावरून झटकले.

सेन्सर गप्प कधी राहतो?
बर्फ फुटतो तेव्हा. केबल तुटते तेव्हा.
म्हणजे पाणी किती, हे साऱ्या गावाला हवं असतं
नेमकं तेव्हा.
तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात
चाळीस मिनिटं आकडा आला नव्हता.
केबलला शिव्या दिल्या आणि नवी बसवली.
ताइस्तो तेव्हा होता. त्यानंच गाठ मारली तिला.

दुरुस्ती चार ओळींची.
टीप पुसायला गेले, बोट थांबलं.
तिच्याखाली लिहिलं :
पोचलो होतो. चाळीस मिनिटं. — इर्मेली.

अनाई विचारते, उद्या कुठला घेऊ?
अजून हजारभर आहेत, बहुतेक पानंच.
लिहिते तिला : रांगेतला पुढचा.

खाली नदीवर कुणीतरी
वाळलेल्या फांद्या उपटून
वाटेच्या खुणा
काठाकडे सरकवतं आहे.